आऊटलॉ आडनावाचा चान्सेलर

दिवाळी अंकात चेटकिणीच्या खटल्याची गोष्ट कशाला, असे घरातली वडील मंडळी विचारतील. आणि चेटकीण आहे म्हटल्यावर मुले मात्र चकलीचा तुकडा हातात तसाच धरून जवळ सरकून बसतील. दोघांचीही समजूत घालण्यासाठी आधीच सांगून टाकतो की, या लेखाचा नायक चेटकीण नव्हे. नायक आहे सातशे वर्षांपूर्वीचा आयर्लंडमधला एक सरकारी अधिकारी. त्याचे सारे आयुष्य चर्मपत्रांत, लाखेच्या शिक्क्यांत आणि कायद्याच्या शब्दांत गेले. असल्या माणसांची चरित्रे सहसा कोणी लिहीत नाही, आणि लिहिली तर कोणी वाचत नाही. परंतु या अधिकाऱ्याच्या आयुष्यात एकदा असा प्रसंग आला की, त्याच्या कचेरीतून गेलेल्या एका साध्या पत्रावर काही माणसांचे जगणे-मरणे अवलंबून राहिले. त्या पत्राची ही हकीकत आहे.

त्याचे नाव रॉजर आऊटलॉ. इंग्रजीत आऊटलॉ म्हणजे कायद्याबाहेर घातलेला माणूस. राजाच्या न्यायसभेने एखाद्याला आऊटलॉ ठरवले की त्याच्या डोक्यावरचे कायद्याचे छत्र निघून जाई. त्याची मालमत्ता जप्त होई आणि दाद मागायला त्याला जागा उरत नसे. असे आडनाव धारण करणाऱ्या घराण्यातला हा पुरुष देशाच्या राजमुद्रेचा रक्षक झाला, ही नियतीची थट्टाच म्हटली पाहिजे. मात्र ही थट्टा एवढ्यावरच थांबत नाही, हे पुढे दिसेल.

आधी त्या काळच्या आयर्लंडची थोडी ओळख करून घ्यायला हवी. नॉर्मन सरदार ११६९ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले आणि दोन वर्षांनी, ११७१ मध्ये, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री जातीने तेथे आला. तेव्हापासून त्या बेटावर दोन कायदे नांदू लागले. गेलिक आयरिश लोकांचा स्वतःचा प्राचीन कायदा होता. त्याचे जाणकार ते ब्रेहन. आणि नव्या वसाहतवाल्यांसाठी इंग्लंडचा कायदा, तिथल्यासारखीच न्यायालये, तिथल्यासारखेच अधिकारी. डब्लिनच्या किल्ल्यात राजाचा प्रतिनिधी बसे. त्याला जस्टिशियर म्हणत. त्याच्या खालोखाल खजिनदार आणि चान्सेलर. चान्सेलरच्या ताब्यात राजाची मोठी मुद्रा असे. कुणाला जमिनीसाठी दावा लावायचा असो, कुणाला पकडून आणायचे असो, कुणाला नेमणूक द्यायची असो, चान्सेलरच्या कचेरीतून लॅटिन भाषेत लिहिलेला आणि शिक्का मारलेला हुकूमनामा निघाल्याशिवाय सरकारचे चाक हलत नसे. सैन्य जस्टिशियरचे आणि पैसा खजिनदाराचा खरा. पण त्या दोघांनाही शब्द पुरवणारा माणूस चान्सेलर.

रॉजर आऊटलॉ या जागेवर १३२२ मध्ये आला. त्याआधीपासून तो किल्मेनहॅमच्या मठाचा मुख्य, म्हणजे प्रायर होता. डब्लिनच्या पश्चिमेस, लिफी नदीच्या काठी, सेंट जॉनच्या हॉस्पिटलर पंथाचे हे ठाणे. हॉस्पिटलर म्हणजे एकाच वेळी साधू आणि शिपाई; ब्रह्मचर्याचे व्रत घ्यायचे, आजाऱ्यांची व वाटसरूंची सोय करायची आणि वेळ पडल्यास चिलखत घालून घोड्यावर बसायचे. त्यांचा मुख्य गुरू दूर भूमध्य समुद्रातल्या ऱ्होड्स बेटावर राहत असे. त्यांचेच प्रतिस्पर्धी जे टेम्प्लर, त्यांचा पंथ पोपने १३१२ मध्ये बरखास्त केला आणि त्यांच्या जमिनी हॉस्पिटलरांच्या पदरात पडल्या. आयर्लंडमध्ये या वाढलेल्या दौलतीची घडी बसवायला हिशेबी आणि कायद्याचा जाणकार माणूस हवा होता. तो रॉजरच्या रूपाने लाभला. मठाच्या जमिनी सांभाळता सांभाळता तो राजाचा कारभार सांभाळू लागला आणि अधूनमधून खुद्द जस्टिशियरच्या जागीही बसला.

आता किल्केनीला जाऊ. नोर नदीच्या काठचे हे एक सुखवस्तू व्यापारी गाव. तिथे डेम ॲलिस काइटलर नावाची एक श्रीमंत बाई राहत होती. तिच्या घराचा धंदा सावकारीचा. तिने एकामागून एक चार लग्ने केली. पहिला नवरा विल्यम आऊटलॉ. त्याच्यापासून तिला झालेल्या मुलाचेही नाव विल्यमच, आणि हा मुलगा आपल्या चान्सेलरचा जवळचा नातलग. पहिला नवरा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. चौथा जॉन ल पोअर आजारी पडला. त्याचे केस गळू लागले, नखे झडू लागली. आधीच्या नवऱ्यांची मुले, म्हणजे ॲलिसची सावत्र मुले, बिशपकडे गेली आणि म्हणाली, ‘या बाईने आमच्या बापांवर चेटूक केले आणि सगळी इस्टेट आपल्या लाडक्या विल्यमच्या नावे करून घेतली.’ सावत्रपणा, मृत्युपत्र आणि एका मुलाकडे झुकलेले माप, एवढे तिन्ही जमले की कोणत्याही देशात काय होते ते वाचकांना मी सांगायला नको. मुळात ही भाऊबंदकी होती. तिला चेटकाचे रूप दिले ते किल्केनीच्या बिशपने.

या बिशपचे नाव रिचर्ड डी लेड्रेड. जन्माने इंग्रज, पंथाने फ्रान्सिस्कन. पोप बाविसावा जॉन याने १३१७ मध्ये त्याला ऑसरीच्या गादीवर नेमले. किल्केनी हे त्या गादीचे मुख्य गाव. त्या पोपला चेटुकवाल्यांचे विलक्षण भय वाटत असे, आणि ते भय हा शिष्य बरोबर घेऊन आला होता. माणूस विद्वान खरा. लोकांच्या तोंडी असलेली शृंगारिक गाणी धर्मगुरूंनी म्हणू नयेत म्हणून त्याच चालींवर त्याने लॅटिन भक्तिगीते रचली. ती आजही पाहायला मिळतात. पण एकदा डोक्यात घेतले की मागे हटायचे नाही, असा त्याचा स्वभाव. त्याने चौकशी मांडली आणि ॲलिससह डझनभर माणसांवर आरोप ठेवले. चव्हाट्यावर कोंबड्यांचा बळी देणे, चोराच्या कवटीत औषधे शिजवणे, रॉबिन आर्टिसन नावाच्या पिशाचाशी संग करणे, संध्याकाळी गावातला केर झाडत झाडत मुलाच्या दारापर्यंत नेणे, म्हणजे त्या केराबरोबर गावाची लक्ष्मीही त्याच्या घरी जाईल. मुलांना एव्हाना मजा वाटू लागली असेल. मोठ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात धरावी. आरोप नुसत्या चेटकाचा नव्हता, पाखंडाचा होता. चेटकाला साधी शिक्षा होती. पाखंडाला आग होती.

बिशपने १३२४ मध्ये चान्सेलरला पत्र लिहिले. या लोकांना पकडण्याचा हुकूमनामा ताबडतोब काढा, पोपच्या कायद्याप्रमाणे पाखंडाच्या कामी राजाच्या अधिकाऱ्यांनी चर्चची आज्ञा विनातक्रार पाळली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. रॉजरने प्रथम सामोपचाराचा मार्ग धरला. त्याने आणि किल्केनीचा कारभारी आर्नल्ड ल पोअर याने हे प्रकरण सोडून द्यावे म्हणून बिशपला पत्रे पाठवली. बिशप ऐकेना. तेव्हा चान्सेलरने कायद्यावर बोट ठेवले. राजाच्या राज्यातली रीत अशी होती की, धर्मबहिष्कृत माणसाला पकडायचे तर आधी त्याच्यावर उघड खटला चालला पाहिजे, मग त्याला बहिष्कृत केले पाहिजे, आणि त्यानंतर चाळीस दिवस उलटूनही तो शरण आला नाही, तरच हुकूमनामा निघे. रॉजरने उत्तर दिले ते एवढेच: आधी उघड खटला, मग बहिष्कार, मग चाळीस दिवस.

हा वृत्तांत मी प्रथम वाचला तेव्हा या उत्तराने मला जिंकले होते. समोर पिशाचे, कवट्या आणि नरक यांचा गदारोळ उठलेला आणि हा शांत माणूस विचारतो आहे, ‘रीतसर खटला झाला आहे काय?’ इंग्लंडमध्ये पाखंडी लोकांना जाळण्याचा कायदा १४०१ मध्ये झाला. म्हणजे बिशप जे मागत होता, त्याला राजाच्या कायद्यात अजून जागाच नव्हती. रॉजरने ते दार सहजासहजी उघडू दिले नाही. मला वाटले, सापडला आपला नायक! नंतर मात्र मनात एक खडा टोचू लागला. आरोपी विल्यम जर आऊटलॉ घराण्यातला नसता, तर चान्सेलरला ही चाळीस दिवसांची रीत इतक्या कळकळीने आठवली असती का?

चाळीस दिवसांत माणूस कुठल्या कुठे जातो. ॲलिसने किल्केनी सोडले आणि डब्लिन गाठले. तिथे स्वस्थ न बसता तिने उलट बिशपवरच फिर्याद केली की, खटला न चालवता यांनी मला बहिष्कृत केले. इकडे आर्नल्ड ल पोअरचा तोल सुटला. ॲलिसच्या चौथ्या नवऱ्याच्याच भावकीतला हा सरदार. तो रात्री विल्यमला घेऊन केल्सच्या मठात बिशपकडे गेला, विनवण्या केल्या, धमक्या दिल्या; आणि काही चालेना तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याने बिशपला पकडून किल्केनीच्या किल्ल्यात डांबले. सतरा दिवस बिशप तुरुंगात होता. विल्यमला हजर राहण्यासाठी नेमलेली तारीख तेवढ्यात उलटून गेली.

तुरुंगवास हा हट्टी माणसाला कधीकधी मानवतो. बिशपने आपल्या सगळ्या मुलखातली धर्मकृत्ये बंद पाडली. लग्ने नाहीत, दफनाचे विधी नाहीत. गावोगावची माणसे हवालदिल झाली. सुटकेच्या दिवशी तो गुपचूप बाहेर पडायला तयार होईना. पूर्ण धार्मिक पोशाख चढवून, मिरवणुकीनेच बाहेर आला. पुढे एकदा तो ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर सोन्याच्या पात्रात घेऊन आर्नल्डच्या कचेरीत शिरला. आर्नल्डने त्याला शिव्या घालून गुन्हेगारांच्या जागी उभे राहायला फर्मावले. बिशपने उत्तर केले की, पाँटियस पायलटच्या नंतर ख्रिस्ताला असे आरोपीच्या जागी कुणी उभे केले नव्हते. नाटककाराने लिहावा असा हा प्रवेश आहे. पण तो घडला.

डब्लिनच्या सभेत आर्नल्डने याचा वचपा काढायचे ठरवले. आयर्लंड हे संतांचे बेट आहे, इथे आजवर कुणी पाखंडी निपजला नाही. आणि हा इंग्लंडहून आलेला उपरा आम्हा सगळ्यांना पाखंडी ठरवतो आहे, असे त्याचे म्हणणे. बोलणारा स्वतः नॉर्मन सरदाराचा वंशज. तरी चारपाच पिढ्यांत तो या मातीचा झाला होता. ‘इथे जन्मलेले’ आणि ‘तिकडून पाठवलेले’ यांची तेढ त्या काळी वसाहतीत धुमसत होती, आणि चेटकाच्या खटल्यात ती मधूनमधून अशी ठिणगीसारखी उडते. पण भाषणाने काम भागले नाही. बिशपच्या बाजूला पोपची सत्ता होती. शेवटी तडजोड झाली आणि नवा जस्टिशियर जॉन डार्सी, इतर वरिष्ठ राजाधिकाऱ्यांसह, किल्केनीला आला. आता रीतसर सारे झाले होते. चाळीस दिवस कधीच सरले होते. कायद्याच्या ज्या कडीने दार बंद होते, ती कडी निघाली.

निकाल काय लागला? ॲलिस तोपर्यंत समुद्र ओलांडून इंग्लंडला पोचली होती. तिला पुन्हा कुणी आयर्लंडमध्ये पाहिले नाही. विल्यम काही काळ तुरुंगात राहिला, मग बिशपच्या पाया पडला. त्याला प्रायश्चित्त मिळाले: वर्षभर रोज तीन वेळा प्रार्थनेला हजर राहायचे, गोरगरिबांना जेवू घालायचे आणि सेंट कॅनिसच्या मोठ्या चर्चच्या छपरावर स्वखर्चाने शिसे चढवायचे. श्रीमंताचे पाप शिशाच्या भावाने तोलून घेतले गेले. पुढे १३३२ मध्ये त्या चर्चचे घंटाघर कोसळले आणि त्याखाली छपराचा मोठा भाग चिरडला. विल्यमच्या शिशाच्या ओझ्यानेच ते पडले, असे किल्केनीचे लोक पुढे सांगू लागले.

राहिली पेट्रोनिला. मीथ परगण्यातली म्हणून पेट्रोनिला डी मीथ; ॲलिसच्या घरची दासी. तिला सहा वेळा फटके मारण्यात आले. सहाव्या वेळेनंतर तिने सगळे कबूल केले: कोंबडे, कवट्या, पिशाच, झाडलोट, आणि आपली धनीण जगातली सगळ्यांत मोठी जादूगारीण असल्याचेही. ३ नोव्हेंबर १३२४ रोजी भर किल्केनीत गर्दीसमोर तिला जिवंत जाळले. पाखंडासाठी आयर्लंडमध्ये जाळली गेलेली ही पहिली व्यक्ती. तिची मुलगी बॅसिलिया ॲलिसबरोबर पळून वाचली होती. आई मागे राहिली.

सुक्याबरोबर ओलेही जळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे मात्र सुके सुखरूप राहिले आणि ओले तेवढे जळाले. याचे कारण नुसते दैव नव्हे. चान्सेलरने मागितलेला उघड खटला, बहिष्काराची नोटीस आणि चाळीस दिवसांची मुदत ही सर्वांसाठी होती, हे खरे. पण मुदतीचा उपयोग करायला डब्लिनला घर लागते, इंग्लंडला जाणाऱ्या गलबताचे भाडे लागते, आपल्या वतीने बोलणारा सोयरा लागतो. पेट्रोनिलाजवळ यांतले काही नव्हते. कायद्याने ॲलिसला वेळ दिला, तसा तिलाही दिला. तिला तो खर्च करता आला नाही. आणि त्या बेटावरच्या गेलिक आयरिश माणसांना तर एवढेही नव्हते. राजाच्या न्यायालयात ‘हा आयरिश आहे’ एवढे प्रतिवादीने सिद्ध केले की सामान्यतः दावा बुडे. आयरिश माणसाला ठार मारले तर तो राजाच्या कायद्याने खून ठरत नसे, त्याच्या मालकाला भरपाई दिली की भागे. पुढे १३३१ मध्ये राजाने, आयरिश आणि इंग्रज यांना एकच कायदा लागू, असे फर्मान काढले, पण बंध्या कुळांना त्यातून वगळले. आणि इतरांच्याही पदरात त्यातून फारसे पडले नाही.

गोष्ट इथे संपली असती तर रॉजर आऊटलॉला मी आप्तांची पाठराखण करणारा एक हुशार अधिकारी म्हणून सोडून दिले असते. पण चार-पाच वर्षांनी पारडे फिरले.

मधल्या काळात इंग्लंडमध्ये उलथापालथ झाली. दुसरा एडवर्ड १३२७ च्या जानेवारीत पदच्युत झाला आणि त्याच वर्षी कैदेत मेला. राणी इझाबेला आणि मॉर्टिमर यांचा अंमल आला आणि १३३० मध्ये मॉर्टिमरच्या फाशीने तोही संपून तिसरा एडवर्ड खऱ्या अर्थाने राजा झाला. इतक्या वादळांत आयर्लंडची मुद्रा बहुतेक काळ रॉजरच्याच हाती राहिली. कोणत्याही राजवटीला हिशेब आणि हुकूमनामे ठाऊक असलेला माणूस हवाच असतो. १३२८ मध्ये जस्टिशियर वारला आणि त्या जागेचा कारभारही त्याच्याकडे आला. याच सुमारास बिशप लेड्रेडने जुने उट्टे काढले. त्याने आर्नल्ड ल पोअरवर पाखंडाचा आरोप ठेवून त्याला डब्लिनच्या किल्ल्यात बंदीत टाकायला लावले. रॉजरने या कैद्याला जरा माणुसकीने वागवले. झाले! बिशपने जाहीर केले की, पाखंड्याला मदत करणारा रॉजर हाही पाखंडीच.

विचार करा, देशातला सर्वांत मोठा अधिकारी तो. मुद्रा त्याची, किल्ला त्याचा. मनात आणले असते तर आर्नल्डसारखी त्यानेही बिशपला कोठडी दाखवली असती. त्याने तसे केले नाही. तो राजाच्या मंडळासमोर गेला आणि म्हणाला, माझ्यावरचा आरोप उघड चालवा. मग तीन दिवस दवंडी पिटली गेली की, ज्याला प्रायरविरुद्ध काही सांगायचे असेल त्याने पुढे यावे. कुणी आले नाही. तेव्हा सहा परीक्षक नेमले गेले. त्यांत डब्लिनच्या सेंट पॅट्रिक चर्चचा डीन होता, मठांचे अधिपती होते. त्यांनी साक्षीदारांना एकेकटे बोलावून विचारले. सगळ्यांनी शपथेवर सांगितले की, रॉजर हा श्रद्धावान ख्रिस्ती आहे. तो निर्दोष सुटला आणि त्याने आपल्या सुहृदांना मोठी मेजवानी दिली.

ज्या उघड खटल्याची अट त्याने १३२४ मध्ये आपल्या नातलगांसाठी घातली, तीच त्याने स्वतःसाठी मागितली, आणि मागताना सत्तेचा आडोसा घेतला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. आप्तप्रेम त्याला होते, यात शंका नाही. परंतु रीतीवर त्याचा विश्वासही होता. आर्नल्डची गत याच्या उलट झाली. सत्ता होती तेव्हा त्याने रीत पायदळी तुडवून बिशपला कोंडले. आणि १३२९ मध्ये तो खटल्याची वाट पाहत कोठडीतच मेला. बहिष्कृत म्हणून त्याचे प्रेत किती तरी दिवस दफनाविना पडून राहिले. बिशपलाही आयर्लंड सोडून पळावे लागले आणि अनेक वर्षे परागंदा राहावे लागले. म्हातारपणी परत येऊन तो आपल्या गादीवरच वारला. सेंट कॅनिसच्या चर्चमध्ये त्याची दगडी मूर्ती आजही आडवी झोपलेली आहे.

रॉजर १३४१ मध्ये वारला, तोही पदावर असतानाच. त्याच साली तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढले की, आयर्लंडच्या कारभारात जागोजाग इंग्लंडमध्ये जन्मलेलीच माणसे नेमावीत. ती लाट येण्याआधी हा जुना अधिकारी निघून गेला. किल्केनीचा बखरकार फ्रायर जॉन क्लिन याने त्याची नोंद करताना त्याला शहाणा आणि मनमिळाऊ म्हटले आहे, आणि आपल्या मेहनतीने व राजाच्या कृपेने त्याने पंथाची मिळकत वाढवली, हेही सांगितले आहे. सरकारी अधिकाऱ्याला याहून बरे मृत्युलेख सहसा लाभत नाहीत.

आता कागदपत्रांची कथा. जन्मभर नोंदी ठेवणाऱ्या या माणसाच्या कचेरीतले मूळ दप्तर उरले नाही. आयर्लंडच्या चान्सेलरच्या दप्तराला आगीचा शापच होता. १३०४ मध्ये ते एकदा जळाले होते. नंतरच्या शतकांत बरेचसे हरवले. आणि उरलेसुरले ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दप्तरखान्याबरोबर गेले. जुन्या नकला आणि टिपणे गोळा करून विद्वान ते दप्तर अलीकडे पुन्हा जुळवत आहेत. त्या आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०२२ मध्ये, त्याचा मोठा भाग सर्वांसाठी खुला झाला. उलट, खटल्याचा जो लॅटिन वृत्तांत बिशपच्या बाजूने लिहिला गेला, तो इंग्लंडमध्ये सुरक्षित राहिला आणि १८४३ मध्ये छापलाही गेला. चान्सेलरचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते त्याच्या वैऱ्याच्या लेखणीतून. पेट्रोनिलाचे नावदेखील तिला जाळणाऱ्यांनीच लिहून ठेवले.

रॉजरच्या हाताखालचे एक पुस्तक मात्र वाचले आहे. किल्मेनहॅम मठाची ही १३२६ ते १३३९ या काळातली नोंदवही. हिशेबी माणसाची वही कशी असावी, तशी ती आहे. म्हाताऱ्या नोकरांना, मठाला दान देणाऱ्यांना, कामकरी लोकांना उरलेले आयुष्य मठात काढण्याची सनद त्यात दिलेली आहे. कुणाला राहायला खोली, कुणाला दर वर्षी एक झगा, कुणाला पांढरी भाकर आणि चांगली बीअर. आणि प्रत्येकाने जेवायला कुठे बसायचे तेही लिहिलेले: कुणी मठबंधूंच्या पंगतीला, कुणी मधल्या पंगतीला, कुणी चाकरांच्या पंगतीला. ज्याची जशी पायरी, तसे त्याचे पान. पण पान प्रत्येकाचे ठरलेले, आणि शिक्कामोर्तब केलेले. उद्या नवा प्रायर आला तरी कुणी ते काढून घेऊ नये म्हणून. त्या वहीची वर्णने वाचताना रॉजरविषयी मला पुन्हा ममत्व वाटले. दयेपेक्षा लेखी हमी अधिक टिकते, हे त्याने ओळखले होते. दुःख एवढेच की, हमी कुणाला मिळणार हे पायरीवर ठरे, आणि शेवटच्या पायरीच्याही खाली माणसे होती.

किल्मेनहॅमचा तो मठ आता नाही. त्या जागी सतराव्या शतकात जखमी व वृद्ध शिपायांसाठी मोठी इमारत उठली, आणि १९९१ पासून तिच्यात आयर्लंडचे आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. दुसरे एक संग्रहालय अटलांटिकपलीकडे, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आहे. जूडी शिकागो नावाच्या कलावतीने १९७९ मध्ये पुरी केलेली एक मोठी कलाकृती तिथे कायमची मांडलेली आहे: तीन बाजूंचे मेजवानीचे टेबल आणि त्यावर इतिहासातल्या एकोणचाळीस स्त्रियांसाठी वाढलेली पाने. राण्या आहेत, विदुषी आहेत, लेखिका आहेत. त्यांच्या पंगतीत एक पान पेट्रोनिला डी मीथचे आहे. धनिणीचे नव्हे, दासीचे. तिथे पोचायला तिला साडेसहाशे वर्षे लागली.